टबातला राष्ट्राध्यक्ष

छाया चिपळूणला फोन करायची तेव्हा सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "आमचा गुणवंत पुस्तकांच्याच कंपनीत ना गं?" आणि छाया म्हणायची, "हो आई, पुस्तकांच्याच."

खोटं काही नव्हतं. अबुधाबीतल्या एका वितरकाच्या गोदामात परदेशी मासिकं आणि पुस्तकं उतरायची. ती दुकानात जायच्या आधी गुणवंत जाड काळ्या मार्करने त्यातलं झाकायचं ते झाकायचा. बायकांचे उघडे दंड, पोटऱ्या, दारूच्या बाटल्या. ऑफिसातून यादी यायची, अमुक पान, अमुक चित्र, आणि मग दिवसभर तेच. आठ वर्षांत हात असा बसला होता की बाईच्या हनुवटीला शाईचा ठिपका न लागता ती मानेपासून खाली गुडूप व्हायची.

पण मे महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या मुश्ताकचं एक पान राहिलं. खरं तर ते यादीतच नव्हतं. तरी मासिक दुकानातून परत आलं, दोष मुश्ताकचाच निघाला, आणि तेरा वर्षं त्याच टेबलावर बसलेला माणूस पंधरा दिवसांत व्हिसा कॅन्सल होऊन लखनौला गेला. तेव्हापासून गुणवंतचा मार्कर यादीच्या बाहेरही चालायला लागला होता. हे छायाला कळलं ते नव्व्याण्णव सालच्या ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी.

अर्धा दिवस भरून तो घरी आला. आभा खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे खेळत होती. छायाने ताट वाढलं तरी तो बसेना.

"दार लाव आधी," तो म्हणाला. फ्लॅट शेअरिंगचा होता, पलीकडच्या खोलीत शहनाझचं कुटुंब राहायचं. दार लागल्यावर त्याने डब्याच्या पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेलं एक चकचकीत पुस्तक काढलं.

"अहो, हे कुठून आणलंत?" गोदामातला कपटासुद्धा बाहेर न्यायचा नाही, हा नियम तिलाही पाठ होता.

"तू वाच आणि सांग मला. माझं चुकलंय का ते."

पुस्तक मुलांसाठी होतं. अमेरिकेचे सगळे राष्ट्राध्यक्ष, पानाला एक, आणि चित्राखाली मोठ्या अक्षरांत एक ओळ, हा कशासाठी लक्षात राहिला. यादीत एकच पान होतं, केनेडींच्या बायकोचे दंड. गुणवंत दहावी झालेला. इंग्रजी अक्षरं लावायचा, पण अर्थ हाताला लागेलच असं नाही. छाया इतिहास घेऊन बी.ए. झालेली. ती खाली फरशीवर बसली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली.

"हा पहिला. लढाई जिंकली, आणि दोनदा निवडून आल्यावर आपणहून घरी गेला."

"आपणहून? बरं. आणि हा दाढीवाला?"

"गुलामी बंद केली. नाटक बघताना गोळी घातली त्याला."

"रक्त दाखवलंय?"

"नाही."

"मग राहू दे. हा?"

"निक्सन. ह्याच्या माणसांनी दुसऱ्या पक्षाच्या ऑफिसात चोरी केली आणि ह्याने ती दडपली. शेवटी राजीनामा द्यावा लागला."

"चोरी सापडली कशी?"

"पहारेकऱ्याला दाराच्या कुलपावर चिकटपट्टी दिसली."

"एवढ्यावरून?" गुणवंतने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "मागे जा. सत्तावीस नंबरचं पान बघ."

तिने पान काढलं. मोठं डोकं, झुपकेदार मिशा, आणि मानेपासून खाली पानभर काळंकुट्ट.

"इथे काय होतं?"

"टबात बसला होता. उघडाबंब. एवढा देशाचा मालक, आणि शाळेच्या पुस्तकात असा? म्हटलं, उद्या माझ्यावर यायला नको."

छायाने खालची ओळ वाचली आणि तिला हसू फुटलं. हा टाफ्ट. अंगाने इतका अवाढव्य, की एकदा म्हणे टबातच अडकून बसला. खरं-खोटं देव जाणे. पुढे हाच माणूस देशाचा सरन्यायाधीश झाला, पण पुस्तकाने त्याला टबासाठीच लक्षात ठेवलं होतं.

"अहो, पुरुषांचे खांदे कोण झाकतं? हे तर गमतीचं चित्र आहे. एवढं एकच पुस्तक ना?"

"साठ."

"आणि आहेत किती?"

"दोनशे. शाळांच्या ऑर्डरी आहेत. एकसष्टावं घेतलं तेव्हा हात थांबला."

छायाचं हसू जिरलं. कमी झाकलं म्हणून मुश्ताक गेला, आणि इथे यादी सोडून साठ नवी कोरी पुस्तकं काळी झाली होती. हिशेबनीस विचारणारच.

ती उठली, शहनाझकडून नेलपॉलिश पुसायचा रिमूव्हर मागून आणला. कापसाचा बोळा काळ्यावर हलकेच फिरवला. शाई निघाली. तिच्या जिवात जीव आला. दुसऱ्यांदा फिरवला तशी शाईबरोबर टबाची कड निघाली, मग राष्ट्राध्यक्षांचं पोट, आणि शेवटी मिशांचं डावं टोक.

"थांब, थांब!" गुणवंतने तिचा हात धरला. "आता हे एक तर परतही नेता येणार नाही."

शुक्रवार दोघांनी कसाबसा ढकलला. समुद्रावर जायचं ठरलं होतं, आभा दोनदा "व्हेन आर वी गोइंग?" विचारून रुसून बसली. छायाच्या डोक्यात एकच चाललं होतं. व्हिसा गेला तर शाळेचं वर्ष अर्ध्यावर सुटेल, आणि पोरीला मराठी वाचतासुद्धा येत नाही. चिपळूणच्या शाळेत तिला कुठल्या वर्गात बसवायचं? पुस्तक कपाटात साड्यांखाली होतं. शहनाझ मीठ मागायला आली तरी तिची नजर आधी कपाटाकडे गेली.

संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या गेल्या गेल्या याकूबभाईंना तुम्हीच सांगा. त्यांना दिसायच्या आत."

"घरी आणलं तेही?"

"तेही. आणि मी पुसायला गेले तेही. काही लपवलंत तर नेमकं तेवढंच धरून बसतील."

याकूबभाई गोदामाचे सुपरवायझर. मुश्ताकविरुद्धच्या रिपोर्टवर सही त्यांचीच होती.

शनिवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला. गुणवंत कामाच्या वेळात कधी फोन करत नसे. छायाने धावत जाऊन रिसीव्हर उचलला.

"ऐकतेस ना?" गुणवंत दबक्या आवाजात म्हणाला. "ओरडले खूप. पागल हो गया क्या, म्हणाले. मग साठच्या साठ मोजली आणि खुर्चीत बसून राहिले."

"पुढे?"

"ह्या टेबलावर मला बसवलं कुणी, हे वरचे आधी त्यांनाच विचारतील ना. मग म्हणाले, बाकीकी भी वैसीच करो. दोनसौ एक जैसी दिखेंगी तो कौन पूछेगा? यल्ला, खलास."

"आणि ते पुसलेलं?"

"प्रवासात फाटलं असं लिहिलं. फोन ठेवतो, आलं कुणीतरी."

छायाने रिसीव्हर ठेवला. नोकरी राहिली होती. तिने देवापाशी दिवा लावला, दुपारी शिरा केला, आणि आभाला घेऊन संध्याकाळी समुद्रावर गेली.

तीन आठवड्यांनी आभा शाळेतून आली ती दप्तर न काढताच म्हणाली, "मम्मी, लायब्ररीमध्ये न्यू बुक आलंय. एक प्रेसिडेंट नेक-पासून टोटली ब्लॅक केलाय. व्हॉट डिड ही डू?"

"काही नाही केलं त्याने."

"देन व्हाय? रोहन म्हणतो ही मस्ट हॅव किल्ड समवन. मिसनी आम्हाला फॉर्मल लेटर दिलंय, बुक पाठवलेल्या कंपनीला लिहायचं, व्हाय इज धिस पेज लाइक धिस. द बेस्ट वन विल बी पोस्टेड."

छायाने कणकेचा हात धुतला. "खरंच पोस्ट करणार?"

"येस! मिसकडे ॲड्रेस पण आहे."

बाबा नेमकं काय करतात हे आभाला कधी सांगितलं नव्हतं. एरवी छाया तिचं प्रत्येक पत्र तीनदा लिहून घ्यायची. गेल्या दोन्ही वेळेला वर्गात आभाचंच पहिलं आलं होतं.

आभाने अर्ध्या तासात लिहून आणलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. पत्ता, तारीख, डिअर सर. मधे एक वाक्य होतं, 'त्याने वाईट काही केलं असेल तर आम्हाला कळायला हवं, आणि केलं नसेल तर हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे.' नऊ वर्षांच्या पोरीने इंग्रजीत इतकं नेटकं लिहिलेलं छायाने पहिल्यांदाच ऐकलं.

"हे एक वाक्य काढ," ती म्हणाली.

"बट इट्स माय बेस्ट लाइन!"

"लांब झालंय."

आभाने आईकडे रोखून पाहिलं. मग पट्टी घेतली आणि वाक्यावर रेघ मारली. उरलेलं पत्र चार ओळींचं होतं. छायाने ते 'छान आहे' म्हणून दप्तरात भरायला सांगितलं आणि पोळ्या लाटायला वळली.

वर्गात पत्र लिहिणारी आणखी अठ्ठावीस मुलं होती.