कणगीमागचा विळा

माझ्या थोरल्या जाऊबाई दुसऱ्या बाळंतपणानंतर अठरा दिवस भ्रमिष्ट होत्या. लोधिवलीच्या आमच्या घराने मात्र त्यांना पुढची पाच वर्षं तसंच धरलं, आणि त्यात मीही होते. आज हे लिहिताना शरम वाटते.

मुलगी आठ दिवसांची होती तेव्हा त्यांची झोप उडाली. बाळाला न्यायला माणसं आलीत म्हणून त्या दिवसभर दारात बसायच्या आणि आम्हाला न दिसणाऱ्या कुणाशी तरी भांडायच्या. बाधा होऊ नये म्हणून आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात. तो त्यांच्या हातात असायचा. कुणाला साधा ओरखडाही काढला नाही त्यांनी, पण आमची गाळण उडाली. सासूबाईंनी विळा काढून घेऊन कणगीमागच्या कुडात खोचला आणि मुलीला आपल्याजवळ घेतलं.

अंगारेधुपारे झाले. मग थोरल्या दिरांनी त्यांना एसटीने पनवेलला मानसरोगाच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत मी होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण दुखण्याला नाव देईनात. म्हणाले, अचानक आलंय आणि आधी सगळं ठीक होतं, म्हणजे आशा आहे. महिन्याभरात पहिल्यासारख्या झाल्या आणि तशाच राहिल्या, तर हे थोड्या दिवसांचंच दुखणं होतं असं मागाहून म्हणता येईल. काहींना ते पुन्हा होतं, विशेषतः बाळंतपणात, म्हणून झोपेवर लक्ष ठेवा. दोन रात्री झोप नाही लागली तर लगेच घेऊन या. आणि बऱ्या झाल्या की त्यांची कामं त्यांना परत द्या.

दुखण्याच्या अठराव्या दिवशी सकाळी त्यांनी चूल पेटवली आणि पोरगी कुठाय म्हणून विचारलं. डोळे अगदी ओळखीचे होते. पुढे कित्येकदा पनवेलच्या खेपा झाल्या. डॉक्टरांनी हळूहळू गोळ्या कमी करून बंद केल्या आणि बरं असल्याचं सांगितलं. पण सासूबाईंच्या कानात 'पुन्हा होतं' एवढंच राहिलं होतं. कामं परत द्यायचं मीही सोयीस्करपणे विसरले. भाजी मीच चिरायची आणि विळी उचलून ठेवायची. भातकापणीला गावच्या सगळ्या बायका विळे घेऊन वाफ्यात उतरायच्या, आणि जाऊबाई मागून भारे बांधायच्या. पोरगी पाच वर्षांची झाली तरी आजीजवळच निजायची. एकदा त्यांनी तिला आपल्याजवळ मागितलं, तेव्हा सासूबाई ऐकू न आल्यासारख्या उठून गेल्या. पुन्हा त्यांनी मागितलं नाही.

माझं दुसरं बाळंतपण सासरीच झालं. सासूबाई पाणी तापवत होत्या. सुईण म्हणाली, उशाखाली लोखंड ठेवा कुणीतरी. जाऊबाई कोपऱ्यातून उठल्या, सरळ कणगीमागे गेल्या आणि तो विळा घेऊन आल्या. पाहते तर पात्यावर गंजाचा ठिपका नाही.

"वयनी, तुमाला ठावं व्हतं?" मी विचारलं.

"त्याच सालापास्नं. कूड सारवताना गावला," त्या म्हणाल्या. "दर सालाला काढते, तेल लावते आनि परत तितंच ठेवते. तो तितं असला की तुमाला नीज लागते गं."

विळा त्यांनी माझ्या उशाखाली सरकवला आणि हात पुसले. मला रडू आवरेना. झोपेवर लक्ष ठेवायला डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. आमच्या झोपेवर त्यांनीच पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं.

गरम पाणी घेऊन सासूबाई आत आल्या. मी अंगावरचं बाळ उचलून जाऊबाईंच्या मांडीवर दिलं आणि म्हटलं, "आत्याबाई, आजपास्नं वयनींची पोरगी तिच्या आयशीजवळ निजंल."