सरकलेले व्याही

लक्ष्मणराव बिलोलीचे, मी जळकोटचा, मधे मुखेड तालुका आडवा. चार वर्षं आम्ही रेडिओवर जवळजवळ रोज बोललो आणि या चार वर्षांत त्या माणसानं एकदाही स्वतःची चूक कबूल केली नाही. मीही केली नाही, पण माझी नसायचीच.

लक्ष्मणराव म्हणजे सात एकर सोयाबीन आणि तूर, दोन म्हशी आणि घराच्या धाब्यावर उभा केलेला अँटेना. एका पावसाळ्यात मोबाइलचे टॉवर बंद पडले आणि शिरूर अनंतपाळला दिलेल्या थोरल्या बहिणीची खुशाली कळेना, तेव्हा या गड्यानं पन्नाशीत हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवाल्यांची, परीक्षा द्यायचं मनावर घेतलं. मोर्सचं टकटक ते गोठ्यात रिकाम्या बादलीवर बोटांनी घोकायचे. पास झाले. बोलणं मात्र बैलगाडीचं. काही विचारलं की इतका वेळ विचार करणार की ऐकणाऱ्याला वाटावं, सेट बंद पडला.

माझं उलटं. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार कोणी आणली की मी आधी त्याला झापतो, मग मोटार ठेवून घेतो. "तुमच्या दुकानात मोटारीपेक्षा गिऱ्हाईकच जास्त जळतंय," असं माझी बायको सिंधु म्हणते. हॅमचा परवाना माझ्याकडेही आहे. आणि एक खोड आहे. माइक हातात आला की मी शुद्ध बोलायला लागतो. एरवी 'न्हाई' म्हणणारा भीमाशंकर एकदम 'नाही' म्हणतो, 'आपण' म्हणतो, जसं काही सगळा महाराष्ट्र कान लावून बसलाय. ऐकणारे एकटे लक्ष्मणराव असायचे, तेही मधेच म्हशीला पाणी दाखवायला उठायचे.

सेट आम्ही दोघांनी बरोबरच घेतले, एकाच कारखान्याचे, जुळे. विकणारा म्हणाला, "एक्स्पोर्टचा माल आहे." झालं. आपल्याकडे एक्स्पोर्टचा म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. एक्स्पोर्टची द्राक्षं म्हणजे चांगली, उरलीसुरली आपण खायची. फार उशिरा कळलं की हे सेट बाहेर पाठवायलाच बनवतात, कारण जिथे नियम कडक आहेत तिथे त्यांना कोणी दारात उभं करत नाही. ज्या पोराला गावात कोणी मुलगी देत नाही त्याच्यासाठी लांबच्या गावी स्थळ बघतात, तसला प्रकार. आणि ते लांबचं गाव आम्ही.

दिसायला मात्र नवरदेव! निळे दिवे इतके की गणपतीच्या मांडवात ठेवला असता तर वर्गणी वाढली असती. बोलून बटण सोडलं की शेवटी आपोआप 'टुंग' वाजायचं. आवाज घुमवायची सोयही होती, ती कीर्तनाच्या भोंग्याला ठीक, पण दोन माणसांच्या बोलण्यात तिचं काय काम, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. जे पाहिजे ते मात्र नव्हतं. गर्मी बाहेर टाकायला मागं पत्रा लावलेला, तो एवढासा. अर्ध्या तासात सेट पापड भाजावा इतका तापायचा, आणि तापला की जागा सोडायचा. म्हणजे ज्या फ्रीक्वेन्सीवर बोलायला बसलो तिथून हळूहळू सरकायचा आणि समोरच्याला आपला आवाज कधी म्हशीसारखा, कधी बदकासारखा ऐकू जायचा. पडद्यावरचा आकडा मात्र तोच! सेट कुठं का भटकेना, तोंडानं म्हणणार, मी घरीच आहे.

आवाज परत साफ करायला एक बारीक नॉब होता, आणि त्याच्याच भोवती, शहाणपणाची कमाल, आवाज घुमवायचं कडं. एक फिरवताना दुसरं फिरलंच पाहिजे अशी व्यवस्था. माझा अंगठा तांब्याच्या तारा ओढून फुगलेला. शिवाय हा नॉब नुसतं ऐकणं बदलत नसे, आपलं बोलणंही सरकवायचा. मग ते सरकले म्हणून मी त्यांच्यामागे, मी सरकलो म्हणून ते माझ्यामागे. एकदा तुरीवरच्या अळीवरून बोलायला बसलो आणि बोलणं संपेपर्यंत इतके लांब गेलो होतो की तिथे कोणा तिसऱ्याच माणसाच्या गप्पा चालू होत्या. त्यानं आम्हाला हाकललं.

सरकलं कोण, यावरून आमचं रोज वाजायचं.

"लक्ष्मणराव, आपण सरकलात."

बराच वेळ शांतता. मग, "न्हाई भीमाशंकरराव, तुमीच सरकलाव. माजा आकडा जाग्यावर हाय."

"माझाही जागेवरच आहे!"

आम्हा हॅमवाल्यांत 'सरकलात' हा शब्द मिठासारखा रोजचा. पण डोकं फिरलेल्या माणसालाही आपण सरकलेला म्हणतो आणि दिल्या शब्दावरून मागं हटणाराही सरकतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

रोजच्या या भांडणातून ओळख घट्ट झाली आणि त्यातूनच सोयरीक निघाली. माझी पुनम उदगीरला शाळेत शिकवते. आलेली तीन स्थळं तिनं स्वतः नाकारली होती आणि मी चिडचिड करून थकलो होतो. लक्ष्मणरावांचा मुलगा अंगद देगलूरला नोकरीला. दोघं भेटले, आणि परत येताना पोरगी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून एकटीच हसत होती. आईपासून लपवत होती, माझ्यापासून लपवत होती, पण हसू काही आवरत नव्हतं. ते हसणं बघून मला कळलं की आता हे मोडता कामा नये, काही झालं तरी. दोन्हीकडून होकार गेला. साखरपुड्याची तारीख धरायची तेवढी राहिली.

तारीख धरायला लक्ष्मणरावांची बहीण साखराबाई शिरूरहून बिलोलीला आल्या. आईमागं भावाला त्यांनीच वाढवलं, त्यामुळे त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. उन्हाळ्यातला रविवार, दुपारचा चहा झालेला, बैठकीत भावकीतले चार लोक. लक्ष्मणरावांना हौस आली. "अक्का, चल, तुला व्याह्याचा आवाज ऐकवतो," म्हणून सगळ्यांना सेटसमोर नेऊन बसवलं. हे मला नंतर कळलं. मला वाटलं, रोजच्यासारखे एकटेच आहेत.

मी सेट दुपारपासून चालू ठेवला होता. पलीकडे माझ्या आवाजाच्या जागी दहा मिनिटं नुसती म्हैस रेकत होती म्हणे. साखराबाई धीर धरून ऐकत होत्या. इकडे मला लक्ष्मणरावांचा आवाज बदकाचा येत होता आणि माझं डोकं तापत चाललं होतं. मी नॉब पिरगाळला. त्याबरोबर भोवतीचं कडंही पार टोकापर्यंत फिरलं. नेमका त्याच क्षणी आवाज जुळला आणि माझं एकच वाक्य बिलोलीच्या बैठकीत खणखणीत उतरलं.

"लक्ष्मणराव, आपण सरकलात... लात... लात... लात!"

आणि शेवटी, 'टुंग'.

बोलायला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. संध्याकाळी अंगदचा पुनमला फोन आला. आत्या म्हणतात, मुलीचा बाप चारचौघांत मुलाच्या बापाला सरकलेला म्हणतो, वर लात दाखवतो, तेही तीनदा. अशा घरची मुलगी करायची कशी? पुनमनं मला हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. नुसती भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

कोणीही शहाणा माणूस अशा वेळी फोन उचलतो आणि माफी मागतो. मी काय केलं? मी उदगीरच्या एका ओळखीच्या माणसाकडून फ्रीक्वेन्सी मोजायचं मीटर मागून आणलं. सरकले तेच, हे सिद्ध करून दाखवणार होतो. "पोरीचं लगीन मोडायलंय अन् तुमी काटा मोजायलाव?" सिंधु म्हणाली. मी तिला काटा नसून आकडे असतात हे समजावून सांगितलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. लक्ष्मणरावही रेडिओवर येईनात. मी रोज सेट लावून बसायचो आणि नुसती खरखर ऐकायचो.

आठवडाभरानं जीप दारात थांबली. लक्ष्मणराव उतरले, काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला त्यांचा सेट. मागून साखराबाई, ताठ, पदर डोक्यावर. पाणी दिलं, तेही प्यायल्या नाहीत. बाजेवर बसल्या आणि थेट विचारलं, "लात कुनाला?"

"मशिनीची हाय ती, अक्का," लक्ष्मणराव म्हणाले. त्यांनी सेट जोडला, आवाज घरातल्याच भोंग्यावर काढला, घुमवायचं कडं टोकाला नेलं आणि माइक बहिणीपुढे धरला. "तूच बोल की. तुला बी मारती."

साखराबाईंनी माइककडे विंचवाकडे पाहावं तसं पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमी काय म्हनलाव?"

"लाव... लाव... लाव..." भोंगा म्हणाला.

"हे तर लाव लाव म्हनतंय. लात कुटंय?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. साधं घरच्यासारखं 'सरकलाव' म्हणालो असतो तर काहीच झालं नसतं! लेकीचा संसार माझ्या शुद्ध मराठीनं धोक्यात आणला होता. हे त्यांना कसं सांगायचं? शेवटी मीच माइक घेतला आणि खाली मान घालून म्हणालो, "सरकलात."

"लात... लात... लात..." टुंग.

साखराबाई बघत राहिल्या. मग पदर तोंडावर गेला आणि खांदे हलायला लागले. "आगं बया! ह्यो यवडा मोठा मानूस, अन् पुस्तकातलं बोलाया गेला!" सिंधु स्वयंपाकघराच्या दारात हसत होती. तिला माझी एवढी कीव कधीच आली नसेल. साखराबाई पाणी प्यायल्या.

पण हसू ओसरल्यावर त्या पुन्हा गंभीर झाल्या. "लात गेली. पन सरकलं कोन? ह्यो लक्ष्मण घरी म्हनला, अक्का, मीच सरकलो व्हतो, त्यांनी खरं तेच सांगितलं. मला सांगा पावनं, माजा भाऊ कुठल्या शब्दावरून सरकला? त्येच इचाराया आले मी."

मी लक्ष्मणरावांकडे बघितलं. चार वर्षांत ज्या माणसानं केसभर सरकल्याचं मान्य केलं नाही, त्यानं माझ्यासाठी भावकीपुढं, बहिणीपुढं ते कबूल केलं होतं. ते जमिनीकडे बघत होते. दुसरा कोणी त्यांच्या पाया पडला असता. माझ्या तोंडातून काय निघावं? "थांबा, मीटर आहे, आत्ता बघू."

दोन्ही सेट टेबलावर शेजारी ठेवले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून अँटेनाच्या जागी बल्ब लावले आणि तापू दिले. साखराबाई बाजेवर, मी आणि लक्ष्मणराव मीटरवर वाकलेलो. आधी त्यांचा सेट लावला. थोडा सरकला होता. मग माझा लावला. आकडे उतरत गेले, थांबेनात. त्यांच्याहून दुप्पट, वर आणखी थोडे. चार वर्षं मी त्यांना भटकवत नेलं होतं आणि वर ओरडतही होतो. मला वर बघवेना.

"काय दिसतंय?" साखराबाईंनी विचारलं.

लक्ष्मणरावांनी या वेळी मुळीच विचार केला नाही. टॉवेल उचलला आणि मीटरवर टाकला.

"दोघांचं बी सारकंच हाय, अक्का. मशिनी सरकल्या, मानसं जाग्यावर हायीत. तारीख धर."

साखराबाई पंचांग काढायला लागल्या. मी मीटरवरचा टॉवेल तसाच राहू दिला. पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो. आत पुनम दाराआड उभी होती, सगळं ऐकत.

"पप्पा, रडायलाव का?"

"न्हाई गं," मी म्हणालो. "तुला मुलगा बघितला, पन सासरा कसा मिळाला हे मला आत्ता कळलं. आता मला तुजी काळजी न्हाई."