पश्चिमेची भिंत

खराडीत तेव्हा जिकडे पाहावं तिकडे क्रेन दिसायच्या. आयटी कंपन्यांसाठी इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यातल्या एकीच्या कामावर मी प्रोजेक्ट मॅनेजर होते. आमचे बिल्डर पेठेतले, साठीचे, मोजकं बोलणारे. त्यांना इमारत चारही बाजूंनी काचेची हवी होती.

मी नकाशा पुढे ठेवला. "साहेब, पश्चिमेला काच लावली तर दुपारनंतर आत भट्टी पेटेल. एसीवर नुसती वीज जाळत बसावं लागेल. त्या बाजूला राखेच्या विटांची भिंत घेऊ, खोल खिडक्या आणि वर छज्जे."

"मॅडम, आयटीवाले काच बघून जागा घेतात. छज्जे बघायला ते कोकणात जातात."

विषय संपला.

काचेची ऑर्डर जायला अजून अवकाश होता, आणि साइट ऑफिस तर बांधायचंच होतं. मी आर्किटेक्टला गाठलं. "आपण ऑफिसच्या दोन खोल्या करू. एक काचेची, एक विटांची. दोन्हींची तोंडं पश्चिमेला." तो हसला, पण त्यानं लगेच कागद ओढला.

एप्रिलमध्ये मी दुपारची मीटिंग मुद्दाम काचेच्या खोलीत ठेवली.

"एसी नाही?" साहेबांनी विचारलं.

"दोन्ही खोल्यांत नाही."

त्यांनी खुर्ची सरकवली. जरा वेळानं पुन्हा सरकवली. ऊन अडवायला आर्किटेक्टनं काचेवर एक नकाशा चिकटवून पाहिला, तो गळून पडला. शेवटी साहेब चहाचा कप घेऊन उठले आणि शेजारच्या विटांच्या खोलीत जाऊन बसले. आम्ही सगळे मागोमाग गेलो. मला मनातून हसू फुटत होतं.

"गार आहे," ते म्हणाले. मग इकडेतिकडे पाहून, "पण हे ऑफिस आहे की गोडाऊन?"

खरंच अंधार होता. उन्हाच्या धास्तीनं मी खिडक्या फारच आखडल्या होत्या. माझा चेहरा पडला. पण त्यांनी नाही म्हटलेलं नव्हतं, हे घरी जाताना लक्षात आलं.

पाया भरायचं काम चालू असताना आम्ही साइट ऑफिसची ती एक भिंत पुन्हा पुन्हा फोडली आणि बांधली. खिडक्या उंच नेल्या. छज्ज्याखाली आतल्या बाजूला एक पांढरी फळी बसवली. तिच्यावर पडलेला उजेड छतावर जाई आणि तिथून खोलीभर पसरे. एका दुपारी साहेब आले, दिवा न लावता अख्खं वर्तमानपत्र वाचून काढलं, घडी घातली आणि म्हणाले, "नकाशे बदला. काच उत्तरेला राहू दे."

इमारत सुरू झाल्यावर पहिल्याच मे महिन्यात मी सहज तिथं गेले. पश्चिमेच्या बाजूला मुलं-मुली निवांत काम करत होती, एकही पडदा ओढलेला नव्हता. त्यांचा मॅनेजर नागपूरचा होता. त्यानं भिंतीवर आतून तळवा टेकवला.

"मॅडम, आमच्याकडे कधी येता? तिकडे तर याची खरी गरज आहे."

आम्ही दोघं बराच वेळ नागपूरच्या उन्हाविषयी बोलत राहिलो. त्या दिवशी पुढच्या साइटवर पोचायला मला चांगलाच उशीर झाला, आणि त्याचं काहीही वाटलं नाही.