नुसतं ‘हं’

समुपदेशनाच्या वर्गात त्यांना सगळे काकूच म्हणत. म्हणणारच की! बाकीची पोरंपोरी विशीतली आणि या पन्नाशीला टेकलेल्या. पहिल्या दिवशी काकू वर्गात शिरल्या तशी सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, शिकवणाऱ्या बाईच आल्या. काकू म्हणाल्या, “बसा रे बसा, मीही तुमच्यातलीच. घरून लवकर निघाले आणि पोचायला उशीर झाला, एवढंच.” वर्ग खदाखदा हसला आणि त्यांची सगळ्यांशी गट्टी जमली.

त्याआधी काकू औषधांच्या दुकानात काउंटरवर उभ्या असायच्या. अर्धं आयुष्य तिथंच गेलं. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करायचं आणि गोळ्या काढून होईपर्यंत घरचं सगळं ओकून मोकळं व्हायचं. आणि काकूंची जीभ? काय विचारू नका! “झोपेच्या गोळ्या कशाला हव्यात? नवऱ्याच्या भावाला आधी घराबाहेर काढा, झोप आपोआप लागेल.” “खोकल्याचं औषध देते, पण खिशातलं सिगारेटचं पाकीट इथं ठेवून जायचं.” लोक चिडायचे, तरातरा निघून जायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा काकूंच्याच पुढ्यात येऊन उभे राहायचे.

मग मालकानं दुकान विकलं. नव्या मालकाला माणसं नकोच होती. पडद्यावर बोट ठेवलं की गोळ्या खाली पडतात, असलं कसलंसं यंत्र त्यानं आणलं. काकू घरी बसल्या. तेव्हा शेजारीण म्हणाली, “अहो, तुम्ही जन्मभर जे फुकट केलंत त्याची आता पदवी मिळते म्हणे!” झालं. काकूंच्या मागे तो भुंगाच लागला. लग्न केलेलं नव्हतं, घरात वडील आणि त्या, दोनच माणसं. कुणाला विचारायचं होतं? जुनं बी.ए.चं प्रमाणपत्र कपाटाच्या तळातून निघालं आणि काकू एम.ए.च्या वर्गात जाऊन बसल्या.

घरातले ते वडील म्हणजे आप्पा. उमेदीत ट्रक चालवायचे, आता दोन्ही डोळे गेलेले. दिसायचं बंद झालं तशी बोलण्याची गाडी सुसाट सुटली. रात्री जेवायला बसले की कुठल्यातरी घाटातली, कुठल्यातरी नाक्यावरची गोष्ट सुरू. त्याच गोष्टी, तेच नाके. आणि त्यांची एक अट असायची: प्रत्येक वाक्याला हुंकार हवा. नुसती मान डोलावून भागायचं नाही, त्यांना मान कुठून दिसणार? जरा हुंकार चुकला की घास हातातच थांबायचा. “झोपलीस का गं? हं म्हण की!” काकू भांडी आवरता आवरता म्हणायच्या, “हं. मग?” की ट्रक पुढे निघाला.

वर्गातलं पहिलं वर्ष काकूंना फार जड गेलं. एकानं दुखणं घेऊन येणारा व्हायचं, दुसऱ्यानं समुपदेशक, आणि बाकीच्यांनी बघायचं, असा सराव असायचा. एक पोरगी रडवेला चेहरा करून म्हणाली, “माझा मित्र माझा फोनच उचलत नाही.” काकू फटकन म्हणाल्या, “मग तू कशाला करतेस? सोड त्याला, मर म्हणावं!” हसता हसता वर्गाची पुरेवाट झाली. शिकवणाऱ्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. बारीक अंगाच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या बाई होत्या त्या, वाईट नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, “काकू, तुमचा सल्ला चुकला तर भोगायचं कुणी? तुम्ही की तिनं?”

यावर काकूंनी जीभ चावली. आयुष्यात पहिल्यांदा.

तरी सवय का अशी जाते? जित्याची खोड. दर सरावाला कुठेतरी जीभ घसरायचीच. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात काकू नापास झाल्या. मॅडमनी बोलावून सांगितलं, “पुढच्या वेळी एक जरी सल्ला तोंडून गेला, तर मी तुम्हाला खऱ्या माणसासमोर बसवू शकणार नाही. वाईट वाटून घेऊ नका.” काकूंना फार वाईट वाटलं. घरी येऊन त्या न्हाणीघराचं दार लावून रडल्या, आणि आप्पांना सांगितलं की सर्दी झालीय.

मग मात्र त्यांनी जिद्दच धरली. कुणी बोलू लागलं की जीभ दातांखाली धरायची. अक्षरशः धरायची. सल्ला वर आला की दाबायची आणि तोंडून फक्त एक गोष्ट बाहेर सोडायची, आप्पांपाशी लहानपणापासून घोटलेली: “हं.” मॅडमनी एक दिवस सराव मध्येच थांबवला. “सगळ्यांनी ऐका. याला म्हणतात हुंकार! मध्ये पडत नाही, निवाडा देत नाही, नुसतं सोबत चालतो. कुठे शिकलात हो काकू?” काकू लाजून म्हणाल्या, “घरीच.” त्या दिवसापासून पोरं कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल करायला लागली. “काकू, चहा संपला.” “हंऽऽ.” “काकू, पैसे तुम्ही द्या.” “हंऽऽ.” काकूही हसायच्या. मनातून सुखावायच्या.

दुसऱ्या वर्षी त्यांना खरी माणसं मिळाली. विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत एक खोली होती. दोन खुर्च्या, समोरासमोर नाही, जरा तिरक्या, म्हणजे माणसाला नको तेव्हा नजर चुकवता यावी. मध्ये छोट्या टेबलावर कागदी रुमालांचा डबा आणि शेजारी बोलणं टिपून घेणारं यंत्र, त्याचा लाल दिवा लागलेला. नंतर मॅडम ते ऐकायच्या आणि त्यावर मार्क द्यायच्या. त्या खोलीत काकूंकडे आली ती कॉलरवाली.

तिचं नाव बाहेर उच्चारायचं नाही, असा नियम होता, म्हणून काकूंनी मनातल्या मनात ठेवलेलं हे नाव. ती शर्टांच्या कारखान्यात कामाला होती आणि दिवसभर फक्त कॉलरी शिवायची. “अख्खा शर्ट मी कधी शिवलेलाच नाही,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली. तिला एक मुलगी, आठ वर्षांची. नवरा कधीच सोडून गेलेला, दूरच्या शहरात दुसरा संसार थाटलेला. त्यानं आता निरोप धाडला होता: पोरीला माझ्याकडे दे, इथं मोठं घर आहे, चांगली शाळा आहे, कागदावर सही कर. कॉलरवाली पार पिचून गेली होती. आई म्हणत होती पाठव, भाऊ म्हणत होता पाठव, पोरीच्या शाळेतली बाईसुद्धा म्हणत होती पाठव, पोरीचं भलं होईल.

ती यायची, बोलायची, काकू ऐकायच्या. मुलगी आईच्या अंगावर पाय टाकून झोपते. मुलगी कॉलरींच्या कापडाच्या कपट्यांच्या बाहुल्या करते. काकूंच्या जिभेवर एकच वाक्य नाचत असायचं: अगं बाई, वेड लागलंय का तुला? नको पाठवू! दुकानात असत्या तर एव्हाना दहादा ओरडल्या असत्या. पण समोर लाल दिवा होता. जीभ दातांखाली होती.

मग तो दिवस आला. कॉलरवाली हातातल्या रुमालाची घडी घालत म्हणाली, “मी विचार केला. पाठवून देते तिला.” घडी टेबलावर ठेवली. मग काकूंकडे सरळ बघून म्हणाली, “देऊ ना?”

जीभ उसळी मारून वर आली. काकूंनी ती कचकन दातांखाली धरली, आणि तोंडून निघालं, “हं.”

ऐकतेय, बोल पुढे, असा तो हं होता. निदान काकूंच्या मनात तसाच होता. कॉलरवाली थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग “बरं” म्हणाली, पिशवी उचलली आणि वेळ शिल्लक असताना निघून गेली.

मॅडमनी ते ऐकलं आणि काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. “किती अवघड जागा होती! थेट प्रश्न आला, पण तुम्ही निर्णय तिच्याच हातात ठेवलात. हेच परीक्षेला पाठवू.” काकूंनी त्या दिवशी वर्गातल्या सगळ्या पोरांना चहा पाजला.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कॉलरवाली आली नाही. आली तेव्हा तोंड सुकून गेलेलं. काकूंनी शिकवल्याप्रमाणे विचारलं, “आज कशाबद्दल बोलावंसं वाटतंय?”

“पाठवली तिला,” ती म्हणाली. “सही केली. आता फोन करते तर ती बोलायला येत नाही. एकदाच आली, म्हणाली, तूच पाठवलंस ना? आणि ठेवून दिला.”

काकूंनी रुमालांचा डबा तिच्याकडे सरकवला.

“तुमच्यावर राग नाही हं माझा,” कॉलरवाली म्हणाली. “तुमचं काय चुकलं? पण खरं सांगू? सगळे पाठव म्हणत होते ना, मला वाटायचं, या बाई तरी नको म्हणतील. तुमच्या तोंडावर दिसायचं मला तसं. म्हणून तर विचारलं. तर तुम्हीसुद्धा हं म्हणालात. म्हटलं, आता एवढ्या शिकलेल्या बाई हो म्हणतायत, म्हणजे माझंच चुकत असणार.”

“अहो, मी हो नाही म्हणाले!” काकू खुर्चीतून उठल्याच. “हं म्हणजे हो नव्हे! हं म्हणजे मी ऐकतेय, एवढंच!”

“असं होय?” कॉलरवाली म्हणाली. तिनं त्यावर खरोखरच विचार केला. “आम्ही तर हं म्हणजे होच समजतो.”

आणि काकू कोण मोठ्या वेगळ्या लागून गेल्या होत्या? त्याही जन्मभर तेच समजत आल्या होत्या. काउंटरवर कुणी “तीच गोळी ना?” म्हणालं तर “हं” म्हणूनच गोळी देत आल्या होत्या. मग मात्र त्यांचा बांध फुटला. “जा! आजच्या आज निघा! दारात बसा त्याच्या, पोरीला सांगा की आई चुकली, घेऊन या तिला. पाठवायचं नव्हतंच हो तिला, मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, पाठवायचं नव्हतं!”

लाल दिवा चालूच होता.

“जाऊन आले,” कॉलरवाली म्हणाली. “आतून कडी लावली पोरीनं.” ती उठली. दारापाशी जाऊन वळली आणि अगदी साधेपणानं म्हणाली, “तेव्हा बोलला असतात तर बरं झालं असतं.” ती पुन्हा आली नाही.

काकूंनी मॅडमना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ते शेवटचं बोलणंही ऐकवलं. मॅडमनी ते पूर्ण ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खोटं कशाला सांगा. पण म्हणाल्या, “हे परीक्षेला धरायला नको. आधीचंच राहू दे, ते उत्तम आहे.”

“मॅडम, सल्ला चुकला तर भोगायचं कुणी, असं विचारलं होतंत. आणि हुंकार चुकला तर?”

मॅडमनी हात लांबवून यंत्र बंद केलं.

“त्या पोरीचं काय हो, मॅडम?”

मॅडमनी मान हलवली आणि हळूच म्हणाल्या, “हं.”

काकू पास झाल्या. वर्गात पहिल्या आल्या म्हणा ना. त्या ‘हं’ला सगळ्यात जास्त मार्क पडले. पोरांनी मोठा हार आणला, फोटो काढले, “काकू, आता पाटी कधी लावताय?” म्हणून भंडावून सोडलं. काकू हसल्या नाहीत, तेव्हा पोरांना वाटलं, दमल्या असतील.

त्या रात्री आप्पा खुशीत होते. लेक एम.ए. झाली म्हणून त्यांनी ठेवणीतली गोष्ट काढली: घाटातला उतार, मागे भरलेला माल आणि ब्रेक लागत नाही. “पाय दाबतोय, दाबतोय, आणि गाडी काय थांबेना,” ते म्हणाले आणि थांबले. हुंकाराची वाट पाहू लागले.

काकूंनी तोंड उघडलं. आतून काही येईना. त्यांनी मान डोलावली, पुन्हा डोलावली, जोरजोरानं डोलावली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. समोर बाप बसलेला, कान पुढे केलेला, आणि तो एवढासा शब्द काही केल्या ओठांबाहेर पडेना.

“ऐकतेस ना गं?” आप्पांनी विचारलं. थोडा वेळ वाट पाहिली. मग हातानं चाचपडत ताट बाजूला सारलं.

“झोपली वाटतं,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि गोष्ट तिथंच उतारावर सोडून उठले.