पोटभर जेवायला मी भीत होते

"तुझं हिमोग्लोबिन सहा आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आणि बाळाचं वजनही वाढून नाही राहिलं." हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल भाग, बाळापर्यंत प्राणवायू नेणारा. गरोदर बाईला तो अकरा तरी हवा. मला सातवा महिना होता आणि वय एकोणीस.

"साथ में कौन है?" सिस्टरने विचारलं. कोणीच नव्हतं. घरच्यांचं न ऐकता लग्न केलं म्हणून माहेर तुटलेलं. नवरा नागपूरला कामावर. कुडवा गावातल्या भाड्याच्या खोलीत मी एकटी.

काय खातेस, विचारलं तेव्हा मी खरं सांगून टाकलं. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "पोटभर नोको जेवू. बाळ मोठं होते, मंग सिझर करा लागते." दुसऱ्या कोणाला विचारणार? मी अर्धपोटी राहायचे आणि तांदूळ निवडता निवडता कच्चेच चघळायचे. याला पायका म्हणतात. रक्त कमी झालं की माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. मी आपली डोहाळे समजून खूश!

मॅडम चिडल्या. "उपाशी राहून बाळंतपण सोपं होत नाही, दोघांच्या जिवावर बेततं."

मला भरती केलं. आयर्न सुक्रोज, म्हणजे सलाईनमधून लोह, सुरू झालं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यामुळे प्रत्येक खाटेजवळ एक आई. कोणी अंडं सोलून देई, कोणी वेणी घाली. मी भिंतीकडे तोंड करून रडायचे. बाळाबद्दल माया वाटतच नव्हती, नुसती धास्ती. आपण आई व्हायच्या लायकीच्या नाही, असं वाटायचं.

शेवटी आईला फोन लावला.

"काऊन केला फोन?"

"मी झाली तवा तुले भेव वाटलं होतं का?"

ती मग म्हणाली, "लय. तुले हातात घ्याले बी भेव लागे. घेता घेता गेलं." आणि फोन ठेवला. त्या दुपारी मला शांत झोप लागली.

तुमच्यापैकी कोणी अशी एकटी असेल, तर बाई, पोटभर जेव. आणि भीती वाटते म्हणून स्वतःला वाईट समजू नको.

दिवस भरल्यावर मुलगी झाली, लहानखुरी पण ठणठणीत. आई आली नाही. वॉर्डात बाळ रडलं की त्याची आजी उठायची. माझी रडली तेव्हा मीही कोण उठतं म्हणून पाहत राहिले. ती आणखी जोरात रडली. टाके ओढत होते. मी उठले आणि तिला घेतलं.