धाकटीपासून थोरलीकडे

आमच्या घरात जमीन वडिलांच्या नावावर आहे, ट्रॅक्टर चुलत्यांच्या, आणि घर अजून आजोबांच्या नावावरून उतरलेलं नाही. मुलींच्या वाट्याला एक पायवाट होती. कागदावर नव्हती, पण सगळं गाव तिला आमच्या घरच्या लेकींची वाट म्हणायचं.

औंधच्या पलीकडे डोंगराच्या सोंडेखाली आमचं गाव आहे. गावातल्या ओढ्याकाठी देवीचं काळ्या दगडाचं जुनं देऊळ आहे. ही थोरली. तिच्या चार धाकट्या बहिणी डोंगरभर पसरलेल्या आहेत. दुसरी शाळूच्या रानात, तिच्या देवळाला आता पत्र्याचं छप्पर आहे. तिसरी वर पठारावर, पवनचक्क्यांच्या रांगेत. चौथी पलीकडच्या घळीत झऱ्याजवळ, आणि पाचवी, धाकटी, डोंगर उतरून गेल्यावर मोठ्या रस्त्याला, एसटीच्या थांब्यामागे. सगळी मिळून दहाएक किलोमीटरची वाट असेल.

माघातल्या दुसऱ्या मंगळवारी थोरलीच्या पायाचं कुंकू पितळेच्या करंड्यातून चारही बहिणींना पोचवायचं. थोरली बहीण धाकट्यांची विचारपूस करायला जाते, असं मानतात. करंडा न्यायचा तो लेकीनं, सुनेनं नाही. वाट नेहमी थोरलीपासून धाकटीकडे जाते. येताना एसटीनं किंवा कुणाच्या गाडीवर बसून यायचं, त्या वाटेनं चालत यायचं नाही. कारण ती वाट उलटी फक्त एकाच कामासाठी चालतात. ज्या घराला हा मान पुढं चालवायचा नसेल, त्या घरची लेक धाकटीपासून निघते आणि थोरलीच्या पायाशी येऊन थांबते. मग करंडा तिथंच ठेवायचा आणि गावानं तो दुसऱ्या घरी द्यायचा.

आमच्या घरी तो असाच आला. आधी तो मळ्यातल्या एका घराकडे होता. ते लोक मलकापूरला राहायला गेले, तेव्हा त्यांची मुलगी रडत रडत उलटी चालत आली. माझी आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण, तेव्हा नऊ वर्षांची होती. देवळाच्या पायरीवर उभी राहून तिनं ते बघितलं, आणि तोच करंडा तिच्या हातात दिला गेला. पुढं तिचं लग्न तासगावकडं झालं, तरी माघात ती यायचीच. सासरचं जमलं नाही, ती परत आली, कायमची. तेव्हा घरात कोण काय बोललं ते मला माहीत नाही, पण मंगळवारी करंडा तिच्याच हातात असायचा आणि त्या दिवशी वडीलसुद्धा तिच्या मागून चालायचे. द्राक्षांच्या हंगामात ती तासगावला बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. तिथले बेदाणे ती बहिणींना प्रसाद म्हणून आणायची. प्रत्येक देवळात मूठभर.

"माज्या मागनं तू," असं ती मला मी शाळेत असल्यापासून सांगायची. "शिक, नोकरी कर, कुटं बी जा. पर माघात यायचं."

घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. साताऱ्यात पहिलं वर्ष मी जवळजवळ मुकी होते. तोंड उघडलं की 'हाय' आणि 'न्हाई' बाहेर पडायचं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तसंच म्हणून दाखवायचं. एक मुलगी तेवढी हसली नाही. ती साताऱ्याचीच, तिच्या घरी दोन खोल्या भरून पुस्तकं. तिनं मला तिच्या वह्या दिल्या, घरी जेवायला नेलं. मी बोलले की ती ऐकून घ्यायची. कुणीतरी आपलं पूर्ण वाक्य ऐकून घेतं, ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती. म्हणून मी तिला वाटेबद्दल सांगितलं.

त्या माघात ती आमच्याकडे आली आणि आमच्याबरोबर सगळी वाट चालली. कुसळांनी तिची सलवार भरली, ती काढत काढत ती आत्तीला प्रश्न विचारत होती आणि मोबाईलवर सगळं टिपून घेत होती. आत्ती खुशीत होती. तिनं सगळं सांगितलं. उलट्या वाटेचंही सांगितलं, त्या मळ्यातल्या मुलीचं रडणंसुद्धा. शेवटी धाकटीच्या दारात करंड्यातलं उरलेलं कुंकू तिनं माझ्या मैत्रिणीच्या कपाळाला लावलं आणि म्हणाली, "आता तू बी आमचीच लेक."

ही गोष्ट मला पुढं फार वेळा आठवली.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मैत्रीण म्हणाली की कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपला ही वाट दाखवायची. "तुझंच सगळं. तू पुढं राहायचंस, तूच सांगायचंस." मी कधी चार माणसांपुढं बोलले नव्हते. मला भीती वाटली आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. मी आत्तीला विचारलं.

"येऊ द्या की," आत्ती म्हणाली. "आपल्या देवीस्नी माणसं नकोत व्हय? फकस्त थोरलीपसनं निगायचं. आन् जेवायला हितंच. किती जनं हायत?"

"चाळीस."

"लय न्हाईत," ती म्हणाली आणि तेव्हापासूनच हरभऱ्याची डाळ निवडायला बसली.

मी मैत्रिणीला थोरलीपासूनच निघायचं म्हणून सांगितलं. एकदा नाही, तीनदा. ती म्हणाली, "अगं हो, मला माहीत नाही का?"

मंगळवारच्या आधीचा रविवार ठरला. सकाळी बसमध्ये एक छापलेला कागद सगळ्यांच्या हातात दिला. त्यावर वाटेचा नकाशा होता आणि देवळांना आकडे दिलेले होते. एक नंबर धाकटीला होता. पाच थोरलीला. खाली 'शोध व लेखन' म्हणून मैत्रिणीचं नाव. माझं नाव शोधायला मी कागद उलटा करून पाहिला. मागं पाण्याची बाटली, टोपी आणि बूट आणावेत अशी सूचना होती.

बस एसटीच्या थांब्यामागे थांबली आणि सगळे भराभर उतरले.

"अगं, हे उलटं आहे," मी तिला बाजूला घेऊन म्हणाले.

"असं चढायला सोपं पडतं. आणि जेवण तुमच्या घरी आहे ना? मग तिथंच संपायला हवं."

"पण आत्ती..."

"आपण नुसतं चालतोय गं. कुणाच्या हातात करंडा आहे का? आणि सर खोळंबलेत."

सर घड्याळ बघत होते. चाळीस जणं माझ्याकडे बघत होती. बस वळत होती. मला म्हणता आलं असतं की मी येत नाही. मी इथून एसटीनं गावात जाते, तुम्ही या. एवढी दोन वाक्यं. मी आजही ती मनात म्हणून बघते, अवघड नाहीत. तिनं माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली, म्हणाली, "चल, पुढं हो," आणि मी पुढं झाले.

सकाळ फार सुंदर होती, हे सांगायला वाईट वाटतं. घळीत धुकं होतं. करवंदीच्या जाळ्यांवर दव होतं, झऱ्याचं पाणी इतकं थंड की दात ठणकले. वर पठारावर आलो तेव्हा पवनचक्क्यांच्या सावल्या गवतावरून फिरत होत्या आणि लांब औंधच्या डोंगरावरचं यमाईचं देऊळ दिसत होतं. सगळे फोटो काढत होते. प्रत्येक देवळापाशी माहिती सांगायला मैत्रीण उभी राहायची. मी शिट्टी वाजवून माणसं गोळा करायची.

"ही माहिती मला एका गावठी बाईंकडून मिळाली," ती म्हणाली. नंतर दुरुस्त करून म्हणाली, "म्हणजे, स्थानिक बाईंकडून."

त्या बाई तेव्हा चाळीस माणसांच्या भाकरी थापत होत्या.

तिसरीच्या देवळापाशी मैत्रिणीनं ते सांगितलं. "आणि गंमत म्हणजे, ही वाट उलटी चालली की त्या घराचा मान जातो."

एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आज आपण कुणाचा तरी बाजार उठवला!"

सगळे हसले. ती हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच बाटलीचं झाकण फिरवायला लागली. तोवर मी स्वतःला समजावत होते की ती विसरली असेल. त्या क्षणानंतर तसं समजावता आलं नाही.

उतरताना दुसरीच्या देवळाजवळ एक बाई शाळू काढत होत्या. त्यांनी विळा थांबवला.

"आगं, तू आक्काची भाची न्हवं?" गावात आत्तीला सगळे आक्का म्हणतात. "वरनं खाली कुटं चाललीस? आक्का बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. कॉलेजचं हाय हे," मी म्हणाले.

थोडं पुढं गेल्यावर मी मागं वळून पाहिलं, तर त्या बाईंनी कमरेचा मोबाईल काढून कानाला लावला होता.

थोरलीच्या देवळापुढं पाच-सहा बायका उभ्या होत्या, आणि गुरवमामा, जे देवीची पूजा करतात. आत्ती पायरीवर होती. हाताला पीठ तसंच. त्या पिठाच्या हातात करंडा.

"पोरांस्नी आदी वाडा," ती बायकांना म्हणाली. "दमून आल्यात." सगळी पोरं आमच्या अंगणात गेली. मैत्रीणही गेली. जाताना तिनं आत्तीला वाकून नमस्कार केला आणि आत्तीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

बायकाही वाढायला गेल्या, मग आत्ती, गुरवमामा आणि मी, तिघंच उरलो.

"आत्ती, मी तिला सांगितलं होतं. तीनदा सांगितलं होतं."

"व्हय. आन् मग?"

"तिनं ऐकलं नाही."

"तिनं तुला दावं लावून आणली का?"

गुरवमामा मध्ये पडले. "आक्का, आगं पोरं हायत ती कालेजातली. करंडा तर तुज्याकडंच हुता. ह्ये काय धरायचं न्हाई. मी सांगतो गावाला."

"त्या मळ्यातल्या लेकीच्या हातात बी नव्हता करंडा, मामा," आत्ती म्हणाली. "तिचा बा दोन दिस आदीच हितं ठेवून गेल्ता. ती नुसती चालत आली, तरी धरलं. तवा ती किती रडत हुती, तुमी बी बगितलंय. म्हणून तर ह्यो माज्या हातात आला. आन् आता आमच्या घरची चालली तर धरायचं न्हाई?"

मामा गाभाऱ्याच्या दारातून बाजूला झाले.

"दुसऱ्या पोरींस्नी ठावं न्हवतं, त्यांचं काय न्हाई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुला ठावं हुतं. आन् पुढं तूच हुतीस."

शिट्टी अजून माझ्या गळ्यात होती.

तिनं पदरानं करंडा पुसला. पीठ लागलं होतं, ते दोनदा पुसलं. आत जाऊन देवीच्या पायाशी ठेवला आणि भाकरी वाढायला घरी निघून गेली. जेवणाचं सगळ्यांनी फार कौतुक केलं.

मैत्रिणीशी मी एकदाच बोलले. ती म्हणाली, "मला वाटलं नव्हतं तुमच्यात हे इतकं मनावर घेत असतील. आणि तू थांबली असतीस तर मी काय केलं असतं? तूच तर पुढं होतीस." आत्तीचंच वाक्य. आत्तीच्या तोंडून ते मला खरं वाटलं होतं. मैत्रिणीच्या तोंडून ऐकलं तेव्हा लक्षात आलं की ती माझ्या गप्प बसण्यावर आधीपासूनच अवलंबून होती. मला कुठं बोलता येत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मीच तिला सांगितलं होतं. कॉलेजच्या वार्षिक अंकात वाटेवरचा तिचा लेख आला. शेवटी गावकऱ्यांचे आभार होते.

गावानं करंडा वरच्या आळीतल्या एका घरी दिला. त्यांची मुलगी सहावीत आहे. या माघात मंगळवारच्या आदल्या दिवशी ती आमच्या दारात आली.

"आक्कास्नी वाट इचारून ये म्हणलंय आईनं."

आत्ती घरी नव्हती. ती आठवडाभर आधीच तासगावला शेडवर गेली होती. मंगळवार चुकवून ती आजवर कधी गेली नव्हती. जाताना मला म्हणाली होती, "कोन आलं तर सांग. तुला येतंय."

मी त्या मुलीला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं. ओढा कुठं ओलांडायचा, पत्र्याच्या देवळामागून वाट कुठं फुटते, पठारावर कितव्या पवनचक्कीपाशी डावीकडे वळायचं, घळीत पाय कुठं घसरतो. ती बोटांवर मोजत होती. मग आत्तीनं ठेवलेली बेदाण्याची पुडी मी तिला दिली. ती आत्तीनं कुणासाठी ठेवली होती, ते मी विचारलं नव्हतं.

पुडी दप्तरात घालताना तिनं विचारलं, "ताई, उलटं गेलं तर मान जातो म्हणं. खरंच कोन गेलंय का?"

ती चिमुरडी इतकी सहज विचारत होती की तिला कुणी काही सांगितलं नसावं. नाही म्हणता आलं असतं. मळ्यातल्या त्या मुलीचं सांगता आलं असतं.

"व्हय," मी म्हणाले. "मी गेल्ते."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "ठावं न्हवतं तुमाला?"

"ठावं हुतं."

तिनं दप्तराची चेन लावली आणि म्हणाली, "परत एकदा सांगा. थोरलीपसनं."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.