गाडीची उजवी बाजू

देफेन्देन्ते रोल्फोच्या स्वयंपाकघरात, येशूच्या तसबिरीशेजारी, मोटारीच्या उजव्या मडगार्डचा लाकडी साचा टांगलेला होता. तोरिनोच्या बोर्गो सान पाओलो भागात, जिथे एकेकाळी गल्लोगल्ली गाड्यांच्या बॉडी बांधणारे कारखाने होते, तिथल्या जुन्या माणसांना त्यात एकच गोष्ट खटकायची: हा साचा अजून जळला कसा नाही? कारखान्यांची रीत ठरलेली होती. साच्यावर पत्रा ठोकून बॉडी उतरवायची, गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची आणि साचा हिवाळ्यात शेगडीत घालायचा. साचा जपून ठेवला, तर त्याचा अर्थ एवढाच की काम अजून बाकी आहे.

देफेन्देन्तेचे काम पस्तीस वर्षे बाकी होते.

तो लांगेच्या टेकड्यांमधल्या एका खेड्यातून चौदाव्या वर्षी शहरात आला. सोबत त्याच गावचा गाउदेन्झियो पेरोत्तो होता. दोघेही ब्रांदोलेरोच्या कारखान्यात पत्रा ठोकायला शिकले आणि पुढे गाउदेन्झियोने देफेन्देन्तेच्या बहिणीशी, ओनोरिनाशी, लग्न केले. कारखान्यात एका गाडीच्या दोन बाजू दोघांना वाटून दिलेल्या असत. डावी देफेन्देन्तेची, उजवी गाउदेन्झियोची. साचा तंतोतंत असला तरी दोन माणसांचे हात सारखे पडत नाहीत. देफेन्देन्तेचा पत्रा ताठ आणि काटेकोर असे, तर गाउदेन्झियोचा किंचित भरलेला, नुकत्याच भाजलेल्या पावासारखा. डोळ्याला हा फरक दिसत नसे. तो तळहाताला कळे. कामगार म्हणायचे, रोल्फोची बाजू पाद्रीबाबांना दाखवावी, पेरोत्तोची नाटकातल्या नटीला.

१९५४ साली कॅलिफोर्नियाच्या एका फळबागवाल्याने कारखान्याचे मालक, 'कोमेंदातोरे' हा मानाचा किताब मिरवणारे ब्रांदोलेरो, यांच्याकडे दोन माणसांची बंद गाडी सांगितली. तशी दुसरी बांधायची नाही, ही त्याची अट. ज्या मोठ्या कंपनीच्या चासीवर, म्हणजे इंजिन-चाकांसकट सांगाड्यावर, ती बांधायची होती, तिच्या सगळ्या चासींना तेव्हा स्टिअरिंग उजवीकडे असे. या अमेरिकन माणसाला ते डावीकडे हवे होते, म्हणून कंपनीने ही एकच चासी तशी करून दिली. एप्रिलमधल्या मोटार प्रदर्शनात गाडी आधी मांडायची आणि मग जहाजावर चढवायची, असे ठरले.

बॉडी चढली की पत्रा कुठे खडखडतो ते ऐकण्यासाठी फेरी मारायची असे. त्या फेरीत ठोकणारा कारागीर आपल्या बाजूच्या दाराला कान लावून, हातात खडू घेऊन बसायचा आणि खडखड आली की तिथे खूण करायचा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गाउदेन्झियो असाच उजव्या दाराला कान लावून बसला होता. गाडी चालवत होता लुदोविको, कोमेंदातोरेंचा चोवीस वर्षांचा मुलगा. पेचेत्तोच्या टेकडीवर, चेरीच्या बागांमधल्या वळणावर, गाडी उजव्या अंगाने दगडी कुंपणाला घासत गेली. बागेत काम करणाऱ्या दोघा भावांनी गाउदेन्झियोला बाहेर काढले, तेव्हा त्याच्या मुठीत खडू तसाच होता. लुदोविकोला कोपरावर खरचटले होते.

पोलीस येण्याआधी गाडी ताडपत्रीखाली झाकून कारखान्यात आणली गेली. संध्याकाळपर्यंत हकिगतही तयार झाली: पेरोत्तो न विचारता गाडी घेऊन निघाला होता आणि धाकटे मालक त्याला आवरायला शेजारी बसले होते. स्वतःच्या अपराधाने मेलेल्या कामगाराच्या विधवेला भरपाई मिळत नाही. कोमेंदातोरेंनी देफेन्देन्तेला कचेरीत बोलावून खुर्ची दिली. त्या कचेरीत त्याला खुर्ची मिळाली ती तेवढी एकदाच. ते म्हणाले, ओनोरिनाला आपण सीट शिवायच्या खात्यात घेऊ, तुझीही नोकरी पक्की. फक्त प्रदर्शनाआधी उजवी बाजू पुन्हा उभी कर आणि तोंड बंद ठेव.

त्याने ती अकरा दिवसांत उभी केली. गाउदेन्झियोचा पत्रा सोलून काढला आणि त्याच साच्यावर नवा ठोकला.

"अकरा दिवसांत केलंस म्हणे," ओनोरिना त्याला म्हणाली. "त्याच्या शवपेटीचं झाकण बसवायला आला नाहीस. हाताला सवड नव्हती, नाही का?"

त्या दिवसापासून तिने त्याला नावाने हाक मारली नाही. दोघे एकाच इमारतीत राहत, तो चौथ्या मजल्यावर, ती दुसऱ्यावर. जिन्यात भेट झाली की ती परक्या माणसाला म्हणावे तसे 'मॉन्सू रोल्फो' म्हणून बाजूने निघून जाई. तिसऱ्या वर्षी सीटचे खाते बंद झाले आणि कामावरून काढल्याची पहिली चिठ्ठी तिच्या हातात पडली. त्याच आठवड्यात देफेन्देन्तेने हातोड्या गुंडाळून नोकरी सोडली. शेगडीसाठी रचलेल्या ढिगातून उजव्या मडगार्डचा साचा त्याने पहिल्याच हिवाळ्यात उचलून आणला होता. का आणला, हे तेव्हा त्यालाही सांगता आले नसते.

ते उमगले १९६९ मध्ये, दोघा भावंडांची आई गेली तेव्हा. गावाकडून परतताना आगगाडीच्या डब्यात ओनोरिनाने पर्स उघडली आणि घडीवर फाटत आलेला एक कागद त्याच्या मांडीवर टाकला. पोलिसांच्या अहवालाची ती नक्कल पंधरा वर्षे तिच्यापाशी पडून होती. त्यात बागवाल्या भावांची जबानी होती: मृत इसमास आम्ही उजव्या सीटवरून बाहेर काढले. त्याखाली लुदोविकोचे निवेदन, वकिलाच्या भाषेतले आणि लुदोविकोच्या सहीचे: सदर कंपनीच्या सर्व गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे असते, सबब गाडी मृत इसमच चालवीत होता.

देफेन्देन्तेने ते दोनदा वाचले.

"या गाडीचं डावीकडे होतं," तो म्हणाला.

ओनोरिनाने खिडकीबाहेरची नजर त्याच्यावर आणली. मग म्हणाली, "पंधरा वर्षं माझ्या डोक्यावर दोन मजले राहतोस. आणि हे आज सांगतोस."

"कागदात काय आहे ते मला माहीत नव्हतं."

"विचारलं होतंस?"

तो वकिलाकडे गेला. वकील सभ्य होता. त्याने विचारले, गाडी कुठे आहे? ती अमेरिकेत आहे म्हटल्यावर त्याने कागद परत केला. तिथे गेलेल्या गाडीचे स्टिअरिंग तिथल्याच कुणीतरी डावीकडे नेले असेल, असे उद्या ब्रांदोलेरो म्हणतील; कंपनीची जुनी दप्तरे युद्धानंतरच्या उलथापालथीत कुणी नीट ठेवलेली नाहीत; राहिली नोकरी सोडलेल्या कामगाराची साक्ष, तिला कोण विचारतो?

तेव्हापासून देफेन्देन्ते त्या गाडीच्या मागावर राहिला. जुन्या गाड्यांची मासिके तो ग्रंथालयात उभ्याने वाचायचा. गाडीचे नवे मालक दुरुस्तीसाठी जुन्या कारागिरांना पत्रे लिहीत आणि ती कारागीर मंडळी रविवारी पत्त्यांच्या डावावर एकमेकांना सारे सांगत. साच्याच्या पाठीवर सुताराच्या पेन्सिलीने एकाखाली एक नावे चढत गेली. पहिला तो फळबागवाला. मग त्याची विधवा, जिने गाडी कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवली. मग झुरिकचा एक इंजिनिअर, ज्याने खुराड्यातून ती सोडवून युरोपात आणली. मग बेर्गामोचा बटण-कारखानदार, ज्याने तिला दहा वर्षे चादरीखाली ठेवून वर्षातून एकदा पाहिले. कुणीही स्टिअरिंगला हात लावला नाही. प्रत्येक नाव लिहिताना देफेन्देन्ते एवढीच एक खात्री करून घेई.

१९८७ साली पाचवे नाव चढले. लुदोविको ब्रांदोलेरो. कारखाना केव्हाच बंद पडला होता, पण जागेला मोल आले होते आणि लुदोविकोला घराण्याचे नाव परत उजळायचे होते.

आणि १९८९ च्या जूनमध्ये तो चार मजले चढून देफेन्देन्तेच्या दारात उभा राहिला. एकोणसाठ वर्षांचा, उन्हाळी सुटातला, धाप लागलेला.

"लिफ्ट बसवा की रे इथे," तो म्हणाला. "तुझं वय काय आता?"

"सदुसष्ट, धाकटे मालक. मला नाही लागत."

लुदोविको हसला आणि न विचारता बसला. सप्टेंबरात सरोवराकाठी जुन्या गाड्यांचा मोठा मेळा होता. 'जशी बांधली तशी' या वर्गात गाडी मांडायची त्याची इच्छा होती. नड एकच होती: स्टिअरिंग डावीकडे पाहून जाणकार नाक मुरडत, म्हणत, अमेरिकेत बदललेले दिसते. ते मुळापासून तसेच आहे असे बांधणाऱ्यांपैकी कुणीतरी लिहून द्यायला हवे होते. बांधणाऱ्यांपैकी आता उरला होता देफेन्देन्ते एकटाच.

देफेन्देन्तेने कॉफी गाळली. चौपन्न साली ज्या निवेदनावर या माणसाने सही केली, ते याने वाचलेच नव्हते, हे देफेन्देन्तेला त्या क्षणी कळले. खोटे कशावर उभे केले होते ते ब्रांदोलेरोंच्या वकिलाला ठाऊक होते, बापाला ठाऊक होते. मुलाने फक्त नाव लिहिले होते.

"सही देईन," तो म्हणाला. "पण आधी घराण्याची पाहिजे. कामगाराने मालकाच्या वर सही करायची, बरं दिसत नाही."

लुदोविकोला ते फार आवडले. खिशातून पेन काढून त्याने तिथेच लिहिले: ही गाडी आमच्या कारखान्यातून निघाली तेव्हापासून, एवढेच नव्हे तर तिची चासी आली त्या दिवसापासून, तिचे स्टिअरिंग डावीकडे आहे, हे मी स्वतः पाहिले आहे. खाली सही. देफेन्देन्तेने त्याखाली आपली सही केली.

"आणि दोन्ही बाजू मूळच्या, तेही लिहू?" लुदोविकोने विचारले. नजर मात्र कॉफीच्या कपात होती.

"ते पंचांसमोर तोंडी सांगेन. त्यांना माझा हात पाहायचा असेल."

"बाबा म्हणायचे, रोल्फो म्हणजे शब्दाचा पक्का. गप्प राहायचं म्हटलं की राहणारच."

"राहिलो खरा," देफेन्देन्ते म्हणाला.

संध्याकाळी तो दोन मजले उतरला आणि ओनोरिनाकडे पोलिसांचा कागद मागितला. तिने तो दिला. कशाला, हे विचारले नाही.

मेळ्याच्या दिवशी सरोवरावर स्वच्छ ऊन होते. गाडी हिरवळीवर उभी होती, काळपट निळी, आणि तिच्याभोवती वेताच्या टोप्या घातलेल्या माणसांचे कडे होते. तीन पंचांत प्रमुख होते तार्केत्ती नावाचे वयस्क इंजिनिअर. त्यांनी फाईल चाळली, दोघांच्या सह्या पाहिल्या, स्टिअरिंगबद्दल समाधान झाल्याचे सांगितले आणि मग अदबीने देफेन्देन्तेला विचारले की यातली आपली बाजू कोणती.

देफेन्देन्तेने टोपी काढली, डोळे मिटले आणि तळहात डाव्या मडगार्डवरून दारावर, दारावरून शेपटापर्यंत नेला. गाडीला वळसा घालून उजवीकडेही तसाच नेला.

"दोन्ही," तो म्हणाला.

"इथे उजवी पेरोत्तोची लिहिली आहे."

"पेरोत्तोची बाजू पेचेत्तोच्या टेकडीपर्यंत टिकली. ही मी नंतर ठोकलेली."

पंचांपैकी एकाने पेन उघडले. या वर्गात प्रत्येक दुरुस्तीचे कारण नोंदवावे लागे. लुदोविको पुढे आला. चेहऱ्यावर हसू तसेच ठेवून म्हणाला की हो, पूर्वी एक दुःखद प्रकार घडला होता, एक कामगार न विचारता गाडी घेऊन गेला, बिचारा त्यातच वारला. सरकारी चौकशीही तेव्हाच संपली. म्हाताऱ्याला आठवणींनी भरून आले आहे.

देफेन्देन्तेने खिशातला कागद तार्केत्तींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, आधी मनात, मग मोठ्याने. मृत इसमास उजव्या सीटवरून बाहेर काढले. सर्व गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे असते, सबब. ते 'सबब'वर थांबले आणि गाडीच्या काचेतून आत पाहू लागले. कड्यातल्या माणसांनीही पाहिले. कुणी कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"दोन सह्या आहेत तुझ्या, लुदोविको," देफेन्देन्ते म्हणाला. आजवर त्याने मालकाला एकेरीत कधी हाक मारली नव्हती. "चौपन्नची आणि यंदाची. एक खरी, एक खोटी. चौपन्नची खरी असेल तर या गाडीचं स्टिअरिंग कुणीतरी बदललंय, ती इथून हलव. यंदाची खरी असेल, तर गाउदेन्झियो तुझ्या शेजारी बसला होता, खडू घेऊन. सांग. मला घाई नाही."

लुदोविकोने गाडीकडे पाहिले. मग पंचांकडे, मग पुन्हा गाडीकडे. देफेन्देन्तेने वीस वर्षे या क्षणाची तालीम केली होती. प्रत्येक तालमीत हा माणूस गाडी नाकारायचा, आणि निळ्या पत्र्यावर हात ठेवून तिची किंमत मातीत जाताना पाहायचा.

"स्टिअरिंग डावीकडेच होतं," लुदोविको म्हणाला. "पहिल्यापासून."

"म्हणजे चालवत कोण होतं?" तार्केत्तींनी विचारले.

"मी."

ते त्याने इतक्या सहज म्हटले, की देफेन्देन्तेला मुठी वळाव्याशा वाटल्या. गाडी वाचवण्यासाठी त्याने गाउदेन्झियोला परत देऊन टाकले होते, गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यावेत तसे. पण तार्केत्तींनी पेन बंद केले नाही. गाडीच्या इतिहासात ही नोंद कायमची राहील, ते म्हणाले, आणि ब्रांदोलेरोसाहेब, पुढे ही गाडी ज्याला विकाल त्याला ही नोंद वाचूनच ती घ्यावी लागेल. या वर्गातून गाडी आम्ही काढत आहोत. उजवी बाजू मूळची नाही.

लुदोविकोचे हसू तेव्हा गेले. भोवतीचे कडे हळूहळू विरले. जाताना एका बाईने आपल्या नवऱ्याच्या कानात काही सांगितले आणि नवऱ्याने लुदोविकोशी हस्तांदोलनासाठी पुढे केलेला हात खिशात घातला. देफेन्देन्तेने ते नीट पाहून घेतले. त्याला त्यातले काही चुकवायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने नोंदीची नक्कल ओनोरिनाच्या टेबलावर ठेवली. ती वाटाणे सोलत होती. हात पुसून तिने वाचले. चालक लुदोविको ब्रांदोलेरो. उजव्या सीटवर गाउदेन्झियो पेरोत्तो, कारागीर, मृत. मग आणखी एक ओळ होती. ती तिने बोट ठेवून वाचली: उजवी बाजू अकरा दिवसांत नव्याने ठोकून अपघात झाकणारा, देफेन्देन्ते रोल्फो.

"हे त्यांनी लिहिलं?"

"मी सांगितलं लिहायला."

ती पुन्हा वाटाण्यांकडे वळली. एक शेंग, दुसरी शेंग.

"असायलाच पाहिजे होतं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "ते लाकूड खाली आण."

त्याने चौथ्या मजल्यावरून साचा आणला. भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा डाग उरला. तिची स्वयंपाकाची चूल जुनी, लाकडावरची होती. साचा अख्खा मावेना, म्हणून त्याने तो गुडघ्यावर मोडला. बटण-कारखानदार आणि झुरिकचा इंजिनिअर एका तुकड्यात गेले, लुदोविको दुसऱ्यात. ओनोरिनाने दुसरा तुकडा आधी घातला, आणि तो पेटेपर्यंत चुलीचे दार उघडेच ठेवले.